समृद्धीच्या दिवसांतील श्रावक

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी जैन व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' मांडला जातो आणि त्याखाली काही पुण्यपुरुषांचे स्मरण लिहिण्याची प्रथा अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी आणि अभयकुमारांची बुद्धी लाभावी, अशी ती प्रार्थना असते. आता वही संगणकात गेली असली तरी पूजेसाठी एक लाल वही आवर्जून आणली जाते आणि घरातील ज्येष्ठाच्या हातून ही नावे लिहिली जातात.

या नावांचा मेळ मोठा अर्थपूर्ण आहे. गौतमस्वामी हे भगवान महावीरांचे प्रथम गणधर. शालिभद्र, धन्ना आणि अभयकुमार या तिघांनीही अखेरीस दीक्षा घेतली. शालिभद्राची कथा तर घराघरांत ठाऊक आहे. राजा श्रेणिक घरी आला तेव्हा माता भद्रेने मुलाला वरच्या मजल्यावरून बोलावले आणि 'आपले नाथ आले आहेत' असे सांगितले. आपल्यावरही कोणी नाथ आहे, एवढ्या ऐश्वर्यानंतरही आपण कोणाच्या तरी अधीनच आहोत, या एका जाणिवेने त्याचे मन वैभवावरून उडाले. म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर ज्याची ऋद्धी मागितली जाते, त्याने ती ऋद्धी हाती असतानाच सोडली होती. मागणाऱ्याच्या ध्यानात कथेचा पूर्वार्ध राहतो, उत्तरार्ध मात्र पान उलटताच विसरला जातो.

संकटकाळी धर्म आठवतो, यात नवल नाही. माल अडकला, वसुली थांबली, घरात आजारपण आले की नवकार मंत्राचा जप वाढतो, आयंबिल होते, तीर्थयात्रेचा संकल्प सुटतो. माणूस खोटा असतो म्हणून असे घडते, असे मुळीच नाही. दुःखात मनाला आधार लागतो आणि तो आधार जेथे असतो तेथे मन धाव घेते. श्रद्धेची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. संकट टळते, व्यापार वाढतो, एका दुकानाची तीन दुकाने होतात, आणि मग धर्म हळूहळू कमी होऊ लागतो. कोणीही एके दिवशी उठून 'आजपासून मी धर्म सोडला' असे म्हणत नाही. आधी सकाळचे सामायिक सुटते, कारण सकाळीच परगावचे फोन सुरू होतात. मग चौविहार सुटतो, कारण मोठ्या ग्राहकांची जेवणे रात्रीचीच असतात. मग व्याख्यानाला जाणे वर्षातून आठ दिवसांवर येते. या सर्वांची भरपाई म्हणून देणगीची रक्कम मात्र दरवर्षी वाढत जाते आणि कुटुंबाला वाटते, आपण पूर्वीपेक्षा अधिक धार्मिक झालो आहोत.

येथे जैन दर्शनातील ईश्वरविषयक धारणा नीट समजून घेतली पाहिजे. जिनेश्वर वीतराग आहेत. ते भक्तावर प्रसन्न होऊन संपत्ती देत नाहीत आणि विसरणाऱ्यावर रुष्ट होऊन ती हिरावूनही घेत नाहीत. त्यामुळे 'देवाने दिले, म्हणून देवाला दिले' हा हिशेब या दर्शनात बसत नाही. सुबत्ता हा पूर्वी बांधलेल्या पुण्यकर्माचा उदय आहे. उदयात आलेले कर्म भोगले की झडून जाते. पेढीच्या भाषेत बोलायचे तर, सुखाचे दिवस म्हणजे जुन्या ठेवीतून रक्कम काढली जाण्याचे दिवस होत. ज्या काळात उचल सर्वांत मोठी असते, त्याच काळात नवा भरणा थांबला तर खात्याचे पुढे काय होईल, हे कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग वीतराग प्रभूंशी एकनिष्ठ राहणे म्हणजे काय? ज्यांना काही नको आहे, त्यांना देण्यासारखे श्रावकाजवळ काय आहे? त्यांनी दाखवलेल्या मार्गावर राहणे, एवढेच. आणि संपत्तीच्या बाबतीत त्यांनी गृहस्थाला दाखवलेला मार्ग अगदी नेमका आहे. सर्वसंगपरित्याग हे साधूंचे महाव्रत होय. गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण, म्हणजे आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतः ठरवून घेणे, हे पाचवे अणुव्रत आहे.

या व्रताचे सर्वांत तपशीलवार चित्र 'उपासकदशांग' या सातव्या अंगसूत्रात आढळते. भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे त्यात आहेत आणि पहिले चरित्र वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीचे आहे. आनंद हा कोणी गरीब भक्त नव्हता. त्याच्याजवळ बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. पैकी चार कोटी निधीत सुरक्षित ठेवलेल्या, चार कोटी व्यापारात व व्याजात गुंतवलेल्या आणि चार कोटी घर व घरसामानाच्या रूपात होत्या. प्रत्येकी दहा हजार गायींचे चार गोकुळ होते. ५०० नांगरांची शेती होती. दूरदेशीच्या व्यापारासाठी ५०० गाड्या आणि स्थानिक वाहतुकीसाठी आणखी ५०० गाड्या होत्या. राजापासून सार्थवाहापर्यंत सर्वजण अडल्यानडल्या कामात त्याचा सल्ला घेत असत.

अर्थव्यवहार जाणणाऱ्याने या विभागणीकडे क्षणभर थांबून पाहावे. राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर मालमत्ता असे तीन समान भाग सूत्रात सांगितले आहेत. घरात अडकलेला पैसा एकतृतीयांशाच्या पुढे गेलेला नाही आणि व्यापारात सारे पणाला लावलेले नाही. आनंदाचा व्यवहार व्रत घेण्यापूर्वीच शिस्तीचा होता. शिस्तीच्या माणसालाच पुढे मर्यादा पेलते, असेही यावरून म्हणता येईल.

भगवंतांचा उपदेश ऐकून आनंद त्यांना म्हणाला, की अनेकांनी आपल्यापाशी दीक्षा घेतली, परंतु माझे तेवढे सामर्थ्य नाही. मी गृहस्थाची बारा व्रते घेतो. या प्रांजळपणावर भगवंतांनी त्याला दोष दिला नाही. मग आनंदाने एकेका वस्तूची मर्यादा सांगितली. तीन ठिकाणी चार-चार कोटी, याहून अधिक सुवर्ण नको. चार गोकुळांहून अधिक पशुधन नको. ५०० नांगरांपलीकडे शेती नको. एवढ्यावर तो थांबला नाही. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दात घासण्याची काडी कोणती, फळ कोणते, अंगाला लावायचे तेल कोणते, स्नानाला पाणी किती घडे, हेही त्याने ठरवले. दातांसाठी ओल्या ज्येष्ठमधाची काडी आणि स्नानाला आठ घडे पाणी, इतका बारीक तपशील सूत्राने जपून ठेवला आहे. बारा कोटींचा धनी स्नानाचे पाणी मोजतो, हे प्रथम वाचताना चमत्कारिक वाटते. परंतु ज्या माणसाला कशाचीच वाण नाही, त्याच्या बाबतीत मर्यादा बाहेरून येऊ शकत नाही. गरिबाला विहीर थांबवते, भाव थांबवतो, उधारी न देणारा दुकानदार थांबवतो. श्रीमंताला थांबवणारे जगात कोणी नसते, म्हणून त्याला स्वतःच थांबावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. आनंदाने आपली संपत्ती निम्मी केली नाही. जेवढी होती तेवढ्यावरच रेघ ओढली. वरवर पाहता यात त्याग कोठे आहे, असे वाटेल. त्याग पुढच्या लाभाचा होता. व्यापार चालू राहणार, गायी वाढणार, पीक येणार. मात्र यापुढे येणारे 'माझे' होणार नाही, असे त्याने भर समृद्धीत जाहीर केले. हातातले सोडण्यापेक्षा येऊ घातलेले सोडणे व्यापारी मनाला अधिक जड जाते. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केली नाही, तर त्या वस्तूंविषयीच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. वाढीला रेघ ओढली की त्या मूर्च्छेच्या मुळावरच घाव बसतो.

व्यवहारातही या रेघेचे मोल मोठे आहे. चालत्या पेढ्या नेहमी तोट्यानेच बुडतात असे नाही. भरभराटीच्या काळात झेपेल त्याहून अधिक विस्तार केल्यानेही त्या बुडतात. विक्री दुप्पट होते, त्याबरोबर उधारी आणि साठा दुप्पट होतो, पण स्वतःचे भांडवल तेवढेच राहते. मग कर्जाची मर्यादा वाढवून घेतली जाते, वसुली एक महिना लांबते आणि कागदावर नफा दाखवणारी पेढी पगार देण्यास असमर्थ ठरते. व्रत हे पारलौकिक हितासाठी असते हे खरे. तथापि पुरे म्हणता येण्याची सवय इहलोकीही कामास येते.

मर्यादा घेणे अवघड, आणि घेतलेली मर्यादा प्रामाणिकपणे पाळणे त्याहून अवघड. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्र' रचले. त्यात या व्रताचे अतिचार सांगताना त्यांनी व्यापारी मनाच्या पळवाटा जणू एकेक करून पकडल्या आहेत. घरांची संख्या ठरवलेली आहे, म्हणून शेजारचे घर घेऊन मधली भिंत पाडायची आणि दोन्ही मिळून एकच घर मानायचे. सोन्याची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून जादा सोने मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या स्वाधीन करून ठेवायचे. धान्य खरेदी करून बांधून ठेवायचे, परंतु ते विक्रेत्याच्याच घरी राहू द्यायचे, म्हणजे आपल्याकडे जमा झाले असे होत नाही. गायीच्या पोटातील वासरू मोजायचे नाही. भांड्यांची संख्या वाढू नये म्हणून ती मोडून मोठी करून घ्यायची. या सर्वांत अक्षर पाळले जाते आणि व्रत मोडते. आठ-नऊ शतकांनंतर फक्त नावे बदलली आहेत. मर्यादा स्वतःच्या नावावर ठेवून मालमत्ता पत्नीच्या, मुलाच्या किंवा निराळ्या कंपनीच्या नावावर घेणारा श्रावक शासनाच्या नियमांत कदाचित बसेल, परंतु आचार्यांच्या यादीतून सुटणार नाही.

मर्यादेचा प्रश्न केवळ आगमकाळातील नाही, हे मुंबईच्या इतिहासातील एका प्रसंगावरून स्पष्ट दिसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे, नव्या बँकांचे भाग चढत्या भावाने विकले जाऊ लागले. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी सुरतेचे जैन दलाल प्रेमचंद रायचंद होते. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील असंख्य घराण्यांचे दिवाळे वाजले. प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. प्रतिष्ठित बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

परंतु पडझडीच्या आदल्या वर्षी, १८६४ मध्ये, भर वैभवात या गृहस्थाने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढीच इच्छा होती. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आजही उभा आहे. त्यांच्या आईला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा तिचा नियम होता; घंटेच्या ठोक्यांवरून तिला वेळ कळावी हा हेतू मनोऱ्यामागे होता, असे परंपरेने सांगितले जाते. भागांचे कागद रद्दी झाले. दिलेले तेवढे टिकले. पण या प्रसंगाचा बोध दानापाशी संपवता येत नाही. दानाला हात मोकळा होता, परंतु उलाढालीला रेघ नव्हती आणि तिचे परिणाम अनेक घरांना भोगावे लागले. त्याच कथेत चौविहाराचा एक छोटा नियम पाळणारी आईही आहे. तिच्या नियमाला कापसाच्या तेजीशी किंवा मंदीशी काहीही कर्तव्य नव्हते.

समाजाने आज नेमके हेच ध्यानात घेणे आवश्यक आहे. दान हे श्रावकाचे भूषण आहे आणि जैन व्यापाऱ्यांनी ते सदैव मिरवले आहे. रुग्णालये, पांजरपोळ, वसतिगृहे, धर्मशाळा यांची साक्ष गावोगाव उभी आहे. तथापि दानाने मर्यादेची जागा भरून निघत नाही. पर्युषणात मोठी बोली घेणारा आणि वर्षभर मुनिमाला सहा महिन्यांची पगारवाढ नाकारणारा शेठ एकच असू शकतो. धर्मस्थानाच्या संगमरवरावर नाव कोरणारा आणि वजनात कसर ठेवणारा हातही एकच असू शकतो. खोटे माप, चोरीचा माल, भेसळ हे तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आहेत. ते कोणत्याही पावतीने माफ होत नाहीत. अधिक मिळवण्यासाठी धर्म बाजूला ठेवायचा आणि मिळाल्यावर त्यातील अंश धर्माला द्यायचा, ही वीतराग प्रभूंशी केलेली भागीदारी झाली. आणि त्यांनी तर असा कोणताही करार केलेला नाही.

पुणिया श्रावकाची कथा या संदर्भात आठवावी. कापसाचे पेळू करून रोज साडेबारा दोकडे मिळवणारा हा माणूस. त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घ्यायला मगधाचा सम्राट श्रेणिक आला आणि सारे राज्य देऊनही ते मिळाले नाही. राजाजवळ द्यायला पुष्कळ होते, परंतु ४८ मिनिटे समभावात बसण्याचा पर्याय पैशात मोजता येत नव्हता. ज्या घरात कारखान्याच्या यंत्राला मिनिटांचा हिशेब असतो, त्या घरात दिवसाची ४८ मिनिटे सापडत नाहीत, ही अडचण वेळेची नसून क्रमाची आहे.

यावर उपाय शास्त्राने दिलेलाच आहे आणि तो आजच्या कुटुंबालाही आचरता येतो. मर्यादा तेजीच्या काळात ठरवावी, कारण मंदीत ठरवलेली मर्यादा ही केवळ परिस्थितीची नोंद असते. ती आकड्यात लिहावी. 'गरजेपुरते' या शब्दाला तळ नसतो. राहती घरे किती, वाहने किती, सोने किती, व्यवसायाबाहेरची जमीन किती, हे कागदावर यावे. मर्यादेवर येणारी रक्कम कोठे जाईल, हेही त्याच वेळी ठरवावे, म्हणजे ती हाती आल्यावर मन डगमगणार नाही. कामगारांचे आजारपण, गावातील मुलांचे शिक्षण, साधर्मिकांची गुप्त मदत, जीवदया, अशी तिची वाट आधीच आखलेली असावी. आयुष्यभराचे व्रत पेलत नसेल तर एका चातुर्मासापुरते घ्यावे. अनुभवाने बळ वाढते.

हा निर्णय एकट्या कर्त्याने घेऊ नये. आनंदाने व्रते घेतल्यावर घरी येऊन पत्नी शिवानंदेला सांगितले आणि तिनेही भगवंतांकडे जाऊन व्रते घेतली. पती मर्यादा घेतो आणि घराला ती ठाऊक नसते, तेव्हा ती पहिल्याच लग्नसमारंभात मोडते. आजच्या काळात तर मुला-मुलींना आणि सुनांना विश्वासात घेणे अधिकच अगत्याचे आहे. कारण वाढलेल्या पैशाचा पहिला परिणाम त्यांच्या राहणीवर होतो आणि घराची रीत पुढे त्यांच्याच हाती जाते.

आनंदाच्या चरित्राचा शेवटही व्यापारी कुटुंबांनी मनन करावा असा आहे. व्रतस्थ जीवनाची चौदा वर्षे लोटल्यावर, पंधराव्या वर्षी एका रात्री धर्मजागरण करीत असताना त्याच्या मनात आले, की गावातील असंख्य लोक आपल्याला विचारण्यास येतात आणि या व्यापात साधना पुरी होत नाही. त्याने नातलगांना व स्नेह्यांना बोलावून भोजन दिले, सर्वांसमक्ष ज्येष्ठ पुत्राच्या हाती कारभार सोपवला आणि यापुढे कोणत्याही व्यवहारात मला विचारू नये, असे सांगितले. मग तो कोल्लाक सन्निवेशातील पौषधशाळेत राहायला गेला. वयाची सत्तरी ओलांडूनही धनादेशावरील सहीचा अधिकार न सोडणाऱ्या कर्त्यांनी आणि त्यामुळे पन्नाशीतही 'लहान शेठ' राहिलेल्या मुलांनी हा प्रसंग एकत्र बसून वाचावा.

त्या पौषधशाळेत आनंदाला अवधिज्ञान झाले. गृहस्थाला एवढ्या मोठ्या विस्ताराचे अवधिज्ञान होऊ शकत नाही, असे गौतमस्वामींना वाटले आणि त्यांनी त्याला प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंदाने अत्यंत नम्रतेने विचारले, की जिनशासनात सत्य बोलणाऱ्याला प्रायश्चित्त असते काय? गौतमस्वामींनी भगवंतांना विचारले. भगवंतांनी आनंदाचे म्हणणे खरे असल्याचे सांगून स्वतः गौतमांनाच त्याची क्षमा मागण्यास सांगितले आणि ते महान गणधर विनयपूर्वक एका गृहस्थाकडे क्षमा मागण्यास परत गेले.

दिवाळीच्या वहीत गौतमस्वामींचे नाव सर्वप्रथम लिहिले जाते. ते गौतमस्वामी ज्याच्याकडे क्षमा मागण्यास गेले, तो श्रावक बारा कोटींचा धनी होता, हे प्रत्येक सुखवस्तू कुटुंबाला धीर देणारे आहे. संपत्ती असणे हा धर्माच्या वाटेतील अपराध नाही. आनंदाने ती वाढत असतानाच तिच्यावर रेघ ओढली, ती रेघ पत्नीला सांगितली, चौदा वर्षे पाळली आणि वेळ येताच कारभाराच्या किल्ल्या पुत्राच्या हाती देऊन तो मोकळा झाला. यंदाच्या वहीपूजनाला शालिभद्राची ऋद्धी लिहून झाल्यावर त्याखाली कुटुंबाने स्वतःच्या मर्यादेचा आकडाही लिहावा, आणि पुढच्या दिवाळीस वही बंद करताना तो पुन्हा एकदा वाचून पाहावा.